गुत्ता, भट्टी आणि विरजण

मराठीत दारू गाळतात. ती भट्टीवर चढते, धारेने उतरते, आणि पहिल्या धारेची असली तर तिचा रुबाब वेगळा. विकणारा कलाल, पिण्याची जागा गुत्ता, लक्ष ठेवणारे खाते आबकारी. ही शब्दांची रांग एकदा सावकाश वाचली तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, यातली बहुतेक क्रियापदे ऊर्ध्वपातनाची आहेत. आंबवणे ही त्याआधीची पायरी जणू कुणी पाहिलीच नाही. दुसरी, गुत्ता या शब्दाचा मुळातला अर्थ दारूशी संबंधित नाही. गुत्ता म्हणजे मक्ता, ठरावीक रकमेला घेतलेला हक्क. हिंदीत दारूच्या दुकानाला ठेका म्हणतात, तेही याच वाटेने आले. ज्या जागी माणसे प्यायला बसतात तिचे नाव सरकारी करारावरून पडले, आणि आपल्या कानाला त्यात काही वावगे वाटेनासे झाले.

रायपुरात राहून मराठीत भाषांतर करणाऱ्याला हे सारखे नडते. बस्तरच्या मजकुरात लांदा येतो, सरगुजा-जशपूरकडच्या मजकुरात हंडिया येते. दोन्ही तांदळाच्या, दोन्ही घरी आंबवलेल्या, कुठलीही भट्टी न लावता केलेल्या. पाश्चात्त्य वर्गवारीत त्या बिअर ठरतात, कारण धान्यातल्या पिठूळ अंशाची साखर करून ती आंबवली की बिअर होते, मग धान्य जव असो की तांदूळ. मराठीत मात्र पर्याय उरतो तो दारू हा एकच, आणि त्याला घरची हे विशेषण लावावे तर वाचकाच्या डोळ्यांपुढे हातभट्टी उभी राहते. हातभट्टी म्हणजे नवसागर, रबरी ट्यूबा आणि वर्तमानपत्रातली बळींची संख्या. सणासाठी चार दिवस आधी हंडी लावणारी बाई एका शब्दात आरोपी होते.

गंमत अशी की लांद्याची कृती सांगायला लागणारे सगळे शब्द मराठी स्वयंपाकघरात तयार आहेत. तांदूळ भिजवून त्याचे पीठ करतात. ते पीठ वाफेवर शिजवतात. आपण उकड काढतो त्याचाच हा भाऊबंद. दुसरीकडे मक्याला, म्हणजे तिकडच्या जोंधऱ्याला, मोड आणतात, मोड आलेले दाणे उन्हात वाळवतात आणि जात्यावर भरडतात. मग मातीच्या हंडीत पाणी, शिजलेले पीठ आणि ही भरड एकत्र करून तोंड झाकून ठेवतात. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, थंडीत त्याहून जास्त. तयार होते ते दाटसर, आंबटगोड, भूक भागवणारे पेय, आणि ते पानाच्या द्रोणातून घेतात.

यातली कळीची पायरी मोड आणण्याची. दाणा रुजू लागला की आपल्यातल्या स्टार्चची साखर करण्यासाठी विकरे तयार करतो. ती साखर अंकुराची शिदोरी असते. माणूस मधेच दाणा वाळवतो आणि ती विकरे स्वतःच्या कामाला लावतो. युरोपात जवाला मोड आणून माल्ट करतात तेच हे तंत्र. आपल्याकडे बाळासाठी नाचणीसत्त्व करताना नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून दळतात, तेव्हाही हेच घडते. म्हणून ती पेज पातळ होते आणि गोडसर लागते. माल्ट हा शब्द परका वाटणाऱ्या मराठी घरात माल्ट पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, फक्त तो आंबवला गेला नाही. पीठ आधी वाफवण्याचेही कारण आहे. कच्च्या तांदळाचे स्टार्च विकरांना सहजी दाद देत नाही. शिजून फुगले की ते मोकळे होते.

लांदा अनादि काळापासून चालत आला आहे असे सांगण्याची पद्धत आहे. पण मका अमेरिकेतून आला, आणि तोही सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर. म्हणजे आजच्या रूपातली ही कृती चार-पाचशे वर्षांहून जुनी असू शकत नाही. मोड आणून आंबवण्याची रीत त्याआधीची असेल, नाचणीवर असेल, नाचणीला बस्तरात मंडिया म्हणतात आणि तिची पेज रोजच्या जेवणात असते. तसे असेल तर कुणीतरी केव्हातरी नवे परके धान्य हाती आल्यावर ते जुन्या रीतीत बसवून पाहिले, चव पटली, आणि तेच पुढे रूढ झाले. ज्याला आपण परंपरा म्हणतो त्यात असा एक प्रयोग दडलेला असतो.

उत्तरेकडची हंडिया निराळ्या कुळातली. तिथे दाण्याला मोड आणत नाहीत. भात शिजवतात, चटईवर पसरून निववतात आणि त्यात राणूच्या गोळ्या कुस्करून मिसळतात. राणू म्हणजे तांदळाच्या पिठात जंगलातल्या मुळ्या-साली वाटून वळलेल्या छोट्या पांढुरक्या गोळ्या. नव्या गोळ्यांवर जुन्या गोळीची पूड भुरभुरतात, पेंढ्यात ठेवतात, आणि बुरशी धरली की वाळवतात. इथे स्टार्चची साखर दाणा करत नाही, बुरशी करते. त्या साखरेचे मद्य गोळीतलेच यीस्ट करते. आंबटपणा आणतात ते दह्यातल्या जिवाणूंचे सोयरे. ही रीत थेट पूर्वेकडे जाते, ईशान्य भारत, चीन, जपानपर्यंत. एकाच राज्याच्या दक्षिणेला आणि उत्तरेला धान्य आंबवण्याच्या जगातल्या दोन मोठ्या पद्धती नांदतात, आणि राजधानीच्या शहरात दोन्हींना मिळून एकच नाव आहे, देशी.

राणूला मराठी शब्द कोणता? मला तो विरजण असाच सुचतो. पूर्वीच्या दह्याचा अंश नव्या दुधात, तसा पूर्वीच्या गोळीचा अंश नव्या गोळीत. विरजण शेजारून मागून आणता येते, बिघडले तर घर अडते, आणि त्याची जबाबदारी बाईकडे असते. संस्कृतात याला किण्व हा नेमका शब्द होता. मराठीत तो किण्वन होऊन पाठ्यपुस्तकात गेला आणि चुलीजवळून उठला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. र. पं. कंगले यांच्या मुंबई विद्यापीठाने काढलेल्या आवृत्तीमुळे ते आज नीट वाचता येते. मेदक नावाच्या तांदळाच्या मद्याचे प्रमाण तिथे दिले आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. हिशेब केला तर तांदूळ दोन प्रस्थ होतात, म्हणजे विरजण तांदळाच्या दीडपट. किण्वात उडदाचा कल्क, तांदूळ आणि मोरट वगैरे वनस्पती. पुढे मसाल्यांच्या याद्या येतात, आणि शेवटी चव वाढवण्यासाठी पाच पल फाणित, म्हणजे काकवीसारखा पदार्थ, घालायला सांगितले आहे. त्यासाठी ग्रंथकाराने वापरलेला शब्द रसवृद्धी असा आहे. करवसुली, हेर आणि तुरुंग यांचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात चवीसाठी वेगळा शब्द योजलेला पाहून बरे वाटते.

त्याच प्रकरणात आणखी दोन गोष्टी आहेत. सुरा आणि किण्व यांचे साहित्य गोळा करण्याचे काम बायकामुलांनी करावे. आणि गृहस्थांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा, औषधासाठी अरिष्ट करायला मुभा असावी, उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक असावी. बाकी सगळा व्यवहार राज्याच्या ताब्यात. म्हणजे घरचे आंबवणे आणि बाजारचे मद्य यांच्यातली रेघ दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजनीतीलाही आखावी लागली होती. ती पुसून टाकणे कुठल्याच राज्याला जमलेले नाही. प्रत्येकाने ती थोडी इकडेतिकडे सरकवली एवढेच.

छत्तीसगडात ही रेघ काही काळ मराठीत आखली गेली. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपूरपर्यंत आल्या, १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांचा अंमल सुरू झाला, त्यांच्यामागे सुभेदार आले. जमीनदारांकडून टाकोळी, मालाच्या ये-जा वर सायर, शेती न करणाऱ्यांवर पांढरी, आणि मद्यावर कलाली, असे त्या काळच्या करांचे साचे होते. कलाली हा कर बनवून विकणाऱ्यावर होता. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांनी कारभाराची जागा रतनपूरहून रायपूरला हलवली, १८३० मध्ये भोसल्यांकडे कारभार परतला, आणि १८५४ मध्ये तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर सगळेच राज्य खालसा झाले.

आम्हा रायपूरच्या मराठी माणसांच्या वसाहतीचा एक धागा या कारभाराशी बांधलेला आहे. तात्यापारासारख्या मोहल्ल्याच्या नावातही तो दिसतो. पुढे आमच्यातूनच माधवराव सप्रे झाले, ज्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून छत्तीसगढ मित्र काढले आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले. आपण मोठेपणाने सप्र्यांचे नाव घेतो आणि ते रास्तच आहे. पण आपली भाषा या मुलखात ग्रंथांच्या आधी वसुलीच्या कागदांतून शिरली, हेही त्याच वहीत लिहायला हवे. हंडीत काय शिजते याचे नाव त्या कागदांना नको होते. त्यावर किती मिळेल एवढेच हवे होते.

इंग्रजांनी तोच व्यवहार अधिक शिस्तीने केला. आधी ठरावीक ठिकाणी भट्टी लावून विकण्याचा हक्क लिलावात देत, पुढे मोठ्या डिस्टिलरीतून माल पुरवण्याकडे कल झाला. या सगळ्याचा रोख मोहावर होता. मोहाची फुले सुकवून ठेवता येतात, गाळली की तीव्र दारू मिळते, आणि ती वाहून नेता येते, म्हणजेच मोजता येते. मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा झाला, आणि ठाणे-कुलाब्याकडे फुले बाळगण्यावरच बंधने आली. तांदळाची हंडी मात्र या यंत्रणेच्या हाती लागेना. ती दोन-तीन दिवसांत तयार होते, दोन दिवसांत आंबून जाते, साठत नाही, प्रवास करत नाही. प्रत्येक झोपडीत शिपाई पाठवण्याचा खर्च वसुलीहून जास्त. तेव्हा आदिवासींना घरच्या वापरासाठी मुभा द्यावी, विक्री करू देऊ नये, असा मार्ग निघाला. बंगालच्या सरकारी कागदांत अशा मद्याला पचवाई म्हणत. सरगुजा, जशपूर, उदयपूर, कोरिया आणि चांगभखार ही संस्थाने १९०५ मध्ये बंगालच्या देखरेखीतून मध्यप्रांताकडे आली, तेव्हा राणूचा मुलूख रायपूरशी जोडला गेला.

१९०५ हे साल या विषयात वरचेवर भेटते. त्याच वर्षी भारत सरकारने आबकारी समिती नेमली. त्याच वर्षी म्हैसूरला शामशास्त्र्यांच्या हाती अर्थशास्त्राची पोथी आली. आणि त्याच वर्षी ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड निघाला, ज्यात बस्तरची हलबी मराठीबरोबर ठेवली आहे. आज भाषाशास्त्रज्ञ हलबीला ओडिया, छत्तीसगडी आणि मराठी यांच्या सांध्यावर बसवतात. तरी लांदा हा शब्द आपल्या भाषेच्या अंगणात कधीतरी मोजला गेला होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

दहा वर्षांनी, १९१५ मध्ये, मध्यप्रांताचा आबकारी कायदा झाला. छत्तीसगडात आजही तोच, नाव बदलून, लागू आहे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला घरच्या वापरापुरते, ठरावीक मर्यादेत, मद्य करता येते. विकता येत नाही. बाकीच्यांना घरी करणेच गुन्हा.

इतर देशांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला. जपानने १८९९ मध्ये घरी तांदूळ आंबवण्यावर सरसकट बंदी घातली, कारण मद्यकर हा तिथल्या तिजोरीचा मोठा आधार होता. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागे. तो १९६३ मध्ये सुटला. अमेरिकेत घरगुती बिअरला मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्याने. परवाना सुटल्यावर या दोन्ही देशांत घरच्या बिअरच्या चवीवर पुस्तके निघाली, मंडळे झाली, स्पर्धा भरू लागल्या, आणि त्या घरगुती प्रयोगांतून पुढे छोटे व्यावसायिक कारखाने उभे राहिले. चवीची सुधारणा कायद्याच्या मागोमाग आली.

युरोपात तर एकेकाळी चवच कराच्या हातात होती. हॉपची फुले सर्वत्र रूढ होण्याआधी बिअरमध्ये ग्रूट नावाचे औषधी वनस्पतींचे मिश्रण घालत, आणि ते विकण्याचा हक्क कित्येक ठिकाणी सरदाराकडे किंवा धर्मपीठाकडे असे. मिश्रण त्यांच्याकडून घेतले की कर आपोआप वसूल. बव्हेरियात १५१६ मध्ये फर्मान निघाले: जव, हॉप आणि पाणी, बाकी काही नाही. यीस्टचा उल्लेख त्यात नाही, ते नेमके काय करते हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते. पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ यायला १८७६ उजाडावे लागले, आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले ते १८८३ मध्ये. त्या शुद्ध यीस्टने बिअरला भरवशाची चव दिली आणि गावोगावच्या चवींचा फरकही पुसत नेला.

राणूवर कुणी कर बसवला नाही, फर्मानही काढले नाही. म्हणून त्यात कुठल्या मुळ्या घालायच्या हे घरोघर, गावोगाव वेगळे राहिले. हंडिया कडवट की गोडसर, हे त्यावर ठरते. चव सुधारण्याच्या बाकीच्या युक्त्याही अशाच लहान आणि नेमक्या. भात पुरता निवला नसताना राणू मिसळली तर विरजण मरते. फार थंड, फार ओला राहिला तर आंबटपणा आधी चढतो आणि गोडी येतच नाही. हंडीचे तोंड उघडे राहिले की हवेने शिरका होतो. जुनी मुरलेली हंडी नव्या हंडीपेक्षा बरी, कारण तिच्या छिद्रांत मागच्या खेपेचे यीस्ट असते. मात्र तीच नीट शेकली-वाळवली नाही तर नको तेही राहते. पाणी कधी घालायचे, किती घालायचे आणि केव्हा थांबायचे, यात हाताचे कसब. हे सगळे ज्ञान आहे, पण ज्ञान म्हणून त्याची नोंद फारशी झाली नाही. सरकारी कागदाने परवानगी लिहिली, चव लिहिली नाही. व्हेरिअर एल्विनसारख्या माणसाने मुरियांवरच्या १९४७ च्या ग्रंथात लांद्याला सण आणि विधी यांच्या संदर्भात जागा दिली, ती त्यातल्या त्यात मोठी दखल.

आणि विक्रीला बंदी असल्याने मुभाही अर्धीच राहिली. आठवडी हाटात बायका हंडी घेऊन बसतात, हे सगळ्यांना दिसते. ती त्यांची मिळकत असते, आणि ती कुणाच्या तरी डोळेझाकेवर चालते. चांगली चव साधणाऱ्या बाईचे नाव चार गावांत होते, पण तिला पाटी लावता येत नाही.

इथे दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर नाही. छत्तीसगडच्या मैदानात गुरू घासीदासांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या संधिकाळात सतनामाचा जो मार्ग सांगितला त्यात मद्य वर्ज्य होते, आणि ते वर्ज्य करणे ही खालच्या गणल्या गेलेल्या माणसांची आत्मसन्मानाची घोषणा होती. १९२२ मध्ये दक्षिण गुजरात आणि लगतच्या ठाण्याकडच्या आदिवासींत देवीची चळवळ पसरली. देवीची आज्ञा म्हणून त्यांनी दारू-ताडी सोडली आणि पारशी दारूविक्रेत्यांच्या सावकारीला धक्का दिला. सरगुज्यात १९५१ च्या दुष्काळात राजमोहिनी देवी उभ्या राहिल्या, आणि हजारो माणसांनी त्यांच्या शब्दावर मद्य सोडले. या चळवळींत बायका मोठ्या संख्येने होत्या. हंडी लावणारीही बाई आणि हंडी फोडणारीही बाई, अशी ही गोष्ट आहे. घरच्या सौम्य पेयाला मी कितीही चांगला शब्द शोधला तरी ज्या घरात संध्याकाळी मार बसतो तिथे तो शब्द उपयोगाचा नाही. पण राजमोहिनी देवींच्या लोकांनी जे सोडले ते स्वतःच्या निर्णयाने सोडले. बाहेरच्याने नाव बिघडवून हिरावणे ही निराळी गोष्ट. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला, तो याच फरकाची कबुली म्हणून वाचता येतो.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताच्या २३,००० हून अधिक वाणांचा संग्रह आहे. त्याचा पाया डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात गावोगाव फिरून घातला. बियाणे थंड खोलीत, पाकिटात, क्रमांकाखाली ठेवता येते. त्याच विद्यापीठाचे अंबिकापूरचे महाविद्यालय राजमोहिनी देवींच्या नावाने चालते. राणूला पाकिटाचा उपयोग मर्यादित. तिच्यातली बुरशी प्रयोगशाळेत वेगळी काढून जपता येईल, पण गोळी म्हणजे बुरशी, यीस्ट, जिवाणू, मुळ्या आणि त्या एकत्र आणणारा हात यांची सोबत. ती वापरून, संपवून, पुन्हा वळूनच टिकते. आता हाटात तयार गोळ्या मिळतात, आणि घरी मुळ्या शोधणाऱ्या बायका कमी होत जातील हे उघड आहे. सरकारी दुकानातली बाटली तर दारापर्यंत आलेलीच आहे. वाण जपले आणि विरजण गेले, तर त्या तांदळाची एक चव संग्रहाबाहेर राहील.

भाषांतरात मी आता लांदा आणि हंडिया हे शब्द तसेच ठेवते. क्रियापद मात्र बदलते. दारू गाळली, काढली असे न लिहिता हंडी लावली असे लिहिते, दही लावतात तसे. राणूच्या जागी पहिल्यांदा राणूचे विरजण लिहिते आणि मग नुसते राणू. मक्याच्या भरडीला मोडाचा मका म्हणते, वाफवलेल्या पिठाला उकड. एका संपादकांनी विचारले, याने वाचकाला हे मद्य आहे हे कळेल का? कळते. उकड, मोड आणि विरजण ओळखीचे असल्यामुळे त्याला आधी ते कुणीतरी घरात, निगुतीने केलेले आहे हे कळते, आणि चढते हे दोन ओळींनंतर. आबकारीच्या कागदांनी हा क्रम नेमका उलटा लावला होता.